तुमची सॅक खेचराच्या पाठीवर चढते तेव्हा

लांब पल्ल्याच्या ट्रेकची माहिती वाचताना एक ओळ हमखास दिसते: ‘सामान खेचरावर देण्याची सोय आहे.’ पैसे भरले की सकाळी सॅक पाठीवरून उतरते आणि संध्याकाळी तंबूपाशी हजर असते. मधल्या सहा-सात तासांत ती कुणी वाहिली, कशी बांधली, तिच्यासोबत आणखी किती वजन होतं, हे चालणाऱ्याला सहसा कळतच नाही. मग कधी वाटेत पाठ सोललेलं जनावर दिसतं. कधी बातमी येते, जशी २०२५च्या मे महिन्यात आली: केदारनाथच्या वाटेवर घोडे-खेचरं दगावली आणि त्यांची वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली. अशा वेळी प्रश्न पडतो की आपण हे करावं की नाही, आणि करायचं तर कसं?

उत्तराची सुरुवात एका साध्या गोष्टीपासून होते. सॅक खेचरावर दिली म्हणून ओझं नाहीसं होत नाही. ते आधी जनावराच्या पाठीवर जातं आणि तिथून खुरांखालच्या मातीत. पाठ आणि माती या दोन्हींना सोसण्याची मर्यादा आहे. पुढचे सगळे नियम, अगदी वाटेत कुठल्या बाजूला उभं राहायचं इथपर्यंतचे, या दोन मर्यादांतूनच येतात.

कुठे कोणतं जनावर

खेचर म्हणजे नर गाढव आणि घोडी यांची संतती. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रं, म्हणून खेचराची ६३. त्यामुळे खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. पण त्याचे खूर घोड्यापेक्षा अरुंद आणि टणक असतात, कमी प्रतीच्या चाऱ्यावर ते तगतं, आणि अवघड जागी पाय टाकण्याआधी थांबून बघतं. लोक याला हट्टीपणा म्हणतात. कड्याच्या वाटेवर हाच गुण जीव वाचवतो, आणि अशा वेळी मागून फटका मारणारा माणूस चूक करत असतो.

उंच हिमालयात याक चालतो. थंडी आणि विरळ हवा त्याला मानवते, पण सखल भागातल्या उन्हाने तो बेजार होतो, म्हणून त्याला फार खाली आणत नाहीत. अँडीज पर्वतात लामा. त्याच्या पायांना खूर नसून दोन बोटं आणि मऊ गाद्या असतात, त्यामुळे वाट कमी उखडते. मात्र तो साधारण २५ ते ३० किलोच वाहतो. काही देशांत बकऱ्यांवरही सामान लादतात. तिथे वेगळाच धोका आहे: पाळीव शेळ्या-मेंढ्यांकडून उत्तर अमेरिकेतल्या जंगली बिगहॉर्न मेंढ्यांना न्यूमोनिया होतो आणि कळपच्या कळप दगावतात. म्हणून त्या मेंढ्यांच्या काही प्रदेशांत ओझ्याच्या बकऱ्यांना बंदी आहे. जनावर निवडताना किती वजन वाहील एवढंच बघून भागत नाही, ते यासाठी.

या लेखात पुढे मुख्यतः खेचर आणि घोड्याबद्दल लिहिलं आहे, कारण बहुतेक ट्रेकवर गाठ त्यांच्याशीच पडते.

किती वजन चालतं?

जाणकारांमध्ये रूढ असलेला अंदाज असा: पालाण (म्हणजे ओझं लादायचं खोगीर), गादी, दोर असं सगळं धरून जनावराच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण वीस टक्के. चढ तीव्र असेल, हवा विरळ असेल, जनावर म्हातारं किंवा अशक्त असेल, तर त्याहून कमी.

आकडे घालून बघू. डोंगरातलं मध्यम खेचर ३५० किलोचं धरलं, तर मर्यादा ७० किलो. पालाण, खालची जाड गादी, दोर आणि पट्टे यांतच १२ ते १५ किलो जातात. सामानासाठी उरले जेमतेम ५५. बारा किलोची एक बॅग धरली तर चार बॅगांत खेचर भरलं. तंबू, स्वयंपाकाची भांडी, इंधन आणि शिधा अजून जमिनीवरच आहे. दहा जणांच्या गटाला ‘दोन खेचरं पुरतील’ असं कुणी सांगत असेल, तर हिशेब जमत नाही हे इथेच लक्षात यावं.

यावर एक शंका नेहमी निघते: घोडा सत्तर किलोचा माणूस घेऊन पळतो, मग सत्तर किलोची गोणी जड कशी? चांगला स्वार घोड्याच्या चालीबरोबर तोल बदलतो; चढावर पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो, दमलं की उतरतोही. गोणी यातलं काही करत नाही. ती दिवसभर त्याच दोन ठिकाणी दाबत राहते. म्हणून निर्जीव ओझं तेवढ्याच वजनाच्या स्वारापेक्षा कष्टाचं असतं.

कायद्यातले आकडे वाचतानाही जपून. भारतातल्या १९६५च्या नियमांत ओझ्याच्या जनावरांसाठी कमाल वजन ठरवलं आहे: तट्टू ७० किलो, गाढव ५० किलो, खेचर २०० किलो. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, हेही त्यात आहे. खेचराचा २०० किलोचा आकडा मोठ्या अंगाच्या खेचराच्या दृष्टीनेही फार वरचा आहे. ती कायद्याची शेवटची रेघ समजावी. तेवढं लादावं असा त्याचा अर्थ नाही, आणि उंच डोंगरातल्या लहान चणीच्या खेचराला तर तो आकडा मुळीच लागू करू नये.

म्हणून ट्रेकला निघण्याआधी घरच्या काट्यावर बॅग मोजावी. आयोजकाने मर्यादा दहा किलो सांगितली असेल तर दहाच. बॅग मऊ हवी. चाकांची किंवा कडक सांगाड्याची बॅग जनावराच्या फासळ्यांवर कोपरे टोचत राहते. तिसऱ्या दिवशी ‘जॅकेट तेवढं वर बांधा’ म्हणत खेचरवाल्याच्या हाती आणखी काही देऊ नये, कारण सकाळी केलेला तोल त्या एका जॅकेटने बिघडू शकतो. तो कसा, ते आता.

जखमा वजनाने कमी, बांधणीने जास्त

योग्य वजनही चुकीचं बांधलं तर पाठ सोलून काढतं, आणि जरा जास्त वजनही नीट बांधलं तर दिवस निभावतो. म्हणून बांधणी समजून घेण्यासारखी आहे.

आधी खरारा. पाठीवर चिकटलेला चिखल, वाळलेला घाम, गवताची काडी, काहीही राहिलं तर गादीखाली ते दिवसभर घासतं. मग गादी: ती थोडी पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवतात, म्हणजे केस उलटे होत नाहीत. गादीला एकही सुरकुती चालत नाही. त्यावर पालाण. पालाणाच्या खाली मधोमध पोकळी राहिलीच पाहिजे, कारण पाठीच्या कण्यावर थेट वजन येता कामा नये. भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा. पोटाखालून जाणारा पट्टा म्हणजे तंग. तो कोपरापासून चार बोटं मागे हवा. उतारावर पालाण मानेकडे घसरू नये म्हणून शेपटीखालून एक पट्टा जातो आणि चढावर मागे घसरू नये म्हणून छातीवरून एक.

तंग आवळताना बरीच जनावरं छाती फुगवून धरतात. वीस मिनिटं चालल्यावर श्वास सुटतो, गादी दबते आणि पट्टा ढिला पडतो. त्यामुळे अनुभवी खेचरवाला निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तांडा थांबवतो आणि एकेक तंग पुन्हा आवळतो. तुमच्या तांड्यात हा थांबा होतो का, ते पाहा. माणूस कामात मुरलेला आहे की नाही, हे यावरून चटकन कळतं.

आता दोन्ही बाजूंचं सामान. कावडीसारखंच आहे हे: एक घागर जड झाली की दांडा खांद्यावरून सरकतो, आणि सावरायला वाहणाऱ्याला सारखं तिरकं चालावं लागतं. खेचराच्या दोन बाजूंत दोन-तीन किलोंचाच फरक असला तरी पालाण तासाभरात एका अंगाला झुकतं आणि कण्याशेजारची कातडी ओढली जाते. काही वेळा ते पार फिरून पोटाखाली जातं. पायांत गोण्या अडकलेलं जनावर बिथरून उधळतं. अरुंद वाटेवर हा सगळ्यांत वाईट अपघात. म्हणून दोन्ही बाजूंच्या गोण्या हातकाट्यावर तोलून एकसारख्या केल्या जातात. फरक एका किलोच्या आत असावा. जड वस्तू तळाशी आणि अंगालगत, हलक्या वर. मधोमध पाठीवर ठेवायचं ते सगळ्यांत हलकं: झोपायच्या पिशव्या, तंबूचं कापड. स्टोव्हचं इंधन उभं, बंद डब्यात, शिध्यापासून वेगळं. आतली भांडी वाजता कामा नयेत. खडखडाट पाठीमागून येत राहिला की नवखं जनावर घाबरतं.

तांडा एका ओळीत बांधून नेतात तिथे आणखी एक बारीक गोष्ट दिसेल. पुढच्या पालाणाला मागच्या जनावराचा दोर थेट बांधलेला नसतो. मध्ये पातळ, कच्च्या सुतळीचा फास असतो. एक जनावर घसरलं तर ती सुतळी तुटते आणि बाकीचे त्याच्याबरोबर ओढले जात नाहीत. तिथे कुणी ‘मजबुतीसाठी’ नायलॉनचा दोर बांधला असेल, तर तो सगळ्या तांड्याला धोका आहे.

पोटाचा हिशेब

घोडा किंवा खेचर रोज स्वतःच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा खातं. साडेतीनशे किलोच्या खेचराला सात किलोपर्यंत. त्याची सामान वाहण्याची ताकद वर काढली ती ५५ किलो. म्हणजे आठ दिवसांच्या वाटेवर सगळा चारा सोबत घ्यायचा म्हटलं, तर खेचर फक्त स्वतःचा चारा वाहील, तुमचा एक मोजाही नाही. पाच दिवसांच्या वाटेवर ३५ किलो चारा आणि २० किलो सामान.

या एका गणितातून बऱ्याच गोष्टी उलगडतात. तांड्याला कुरण का लागतं, कुरण नसलेल्या वाटांवर जनावरांची संख्या मर्यादित का असते, आणि सामान थोडंसं वाढलं की जनावरं भराभर का वाढतात. दाणा आणि दाबलेला चारा यांनी वजन थोडं वाचतं, पण एकदम बदल करता येत नाही. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं, आणि अचानक दाणा वाढवला की पोटदुखी जिवावर बेतते. म्हणून नवा चारा काही दिवस आधीपासून थोडा थोडा सुरू करतात. बिस्किटं, उरलेला भात, चॉकलेट असं काही प्रेमाने भरवणं त्याच कारणाने टाळावं.

पाणी मात्र भरपूर लागतं, दिवसाला वीस ते चाळीस लिटर. मुक्काम ठरवताना हा आकडा सगळ्यांत आधी येतो.

कुरण कसं मरतं

झाडांच्या रेषेच्या वर गवताला वाढायला वर्षातले थोडे आठवडेच मिळतात. तिथे तुटलेलं झुडूप किंवा उखडलेली माती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. कोरड्या, खडकाळ जमिनीवर तांडा गेला तर फारसं बिघडत नाही. बर्फ नुकतंच वितळलेल्या ओल्या कुरणात तोच तांडा गेला की खूर खोल रुततात, मुळं तुटतात, खड्ड्यांत पाणी साचतं, आणि पुढच्या पावसात तिथून ओघळ सुरू होते. ओघळ पाणी उपसत जाते आणि ओलं कुरण हळूहळू कोरडं पडतं. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतात सेकोया आणि किंग्ज कॅन्यन उद्यानांमध्ये म्हणूनच कुरणं चराईला कधी खुली करायची, याच्या तारखा त्या वर्षीची ओल बघून ठरतात. उत्तराखंडात उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली तीही याच काळजीतून.

जनावरं रात्री कुठे आणि कशी बांधतात, याला दिवसाच्या चालीपेक्षाही जास्त महत्त्व आहे. झाडाला बांधलेलं घोडं कंटाळून पुढच्या पायाने माती उकरतं. एका रात्रीत मुळं उघडी पडतात. साल चावतं ते वेगळंच, आणि दोर सालीत रुततो. यावर उपाय उंच दावणीचा. दोन जाड झाडांना आधी चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टे गुंडाळायचे, त्यांच्यामध्ये जनावराच्या डोक्याहून वर, सुमारे दोन मीटर उंचीवर दोर ताणायचा, आणि त्याला अडीच-तीन मीटर अंतराने एकेक जनावर बांधायचं. लोंबता दोर इतकाच की तोंड जमिनीला टेकेल; त्याहून लांब ठेवला तर पाय अडकतो. खाली जमीन कडक किंवा खडकाळ असावी, आणि पाणवठा किमान ६० मीटर दूर.

चरायला सोडताना पुढच्या दोन पायांना पायबंद घालतात. खेचरांना घोडीचा लळा असतो. घोडी जिकडे जाईल तिकडे खेचरं जातात. म्हणून घंटा घोडीच्या गळ्यात बांधली की पहाटे धुक्यातही तांडा सापडतो. रात्री दूरवर घंटेची किणकिण ऐकू येत असेल तर सगळं ठीक आहे असं समजावं. तिची तक्रार करू नये.

लीद. वाटेवरची तशी निरुपद्रवी वाटते, पण मुक्कामाच्या जागी ढीग राहिला तर माश्या येतात, पावसाने ती झऱ्यात उतरते आणि पाण्यात शेवाळ माजतं. निघताना लीद पायाने किंवा फावड्याने विस्कटून पातळ पसरवायची, म्हणजे ती लवकर वाळते. उकरलेले खड्डे बुजवायचे. हे खेचरवाल्याचं काम आहे हे खरं, पण त्यासाठी गटाने त्याला अर्धा तास दिला पाहिजे. सकाळी ‘लवकर निघू या’ म्हणून घाई करणारा गटच पुष्कळदा घाणेरड्या तळाला जबाबदार असतो.

लिदेतून आणखी एक पाहुणा येतो: तण. खालच्या खोऱ्यातल्या गवताचं बी आतड्यातून सहीसलामत बाहेर पडतं आणि वर रुजतं. म्हणून काळजी घेणारे तांडे निघण्याआधी दोन-तीन दिवस तणमुक्त चारा देतात, अंग झाडतात आणि खुरांतली माती खरवडून काढतात. बुटांच्या तळव्यांत आणि तंबूच्या खुंट्यांवरही बी असतं, हे आपण विसरतो.

समोरून तांडा आला तर कुठे उभं राहायचं?

इथे दोन उलट सल्ले मिळतात आणि लोक गोंधळतात. अमेरिकेतल्या अनेक जंगलवाटांवर सांगतात, उताराच्या, म्हणजे खालच्या बाजूला उभे राहा. हिमालयातले गाइड ओरडून सांगतात, डोंगराच्या बाजूला व्हा. दोन्ही बरोबर आहेत. फरक वाटेचा आहे.

खालच्या बाजूचं कारण जनावराच्या मनात आहे. वरून अंगावर येईल असं काही दिसलं की घोड्याला शिकारी जनावराची आठवण होते, आणि घाबरलेलं घोडं बहुतेकदा चढाकडे पळतं. उतार सौम्य असेल, खाली उभं राहायला जागा असेल, तर तिथे माणूस त्याच्या वाटेत येत नाही.

कड्याच्या वाटेवर हेच करणं जिवावर बेततं. दोन्ही बाजूंच्या गोण्या जनावराच्या अंगाबाहेर हातभर येतात. आतल्या बाजूच्या खडकाला त्या घासतात, म्हणून सरावाचं खेचर आपणहून वाटेच्या दरीकडच्या काठाने चालतं. तुम्ही दरीच्या बाजूला उभे असाल तर नेमके त्याच्या वाटेत उभे असता, आणि गोणीचा एक धक्का पुरतो. ग्रँड कॅन्यनमध्ये, जिथे खेचरांचे तांडे खोल दरीत ये-जा करतात, उद्यानाचा नियम हेच सांगतो: कडेपासून दूर, डोंगराच्या बाजूला व्हा, शांत आणि स्थिर उभे राहा, तांडेवाल्याचं ऐका, आणि शेवटचं खेचर सुमारे १५ मीटर पुढे गेल्याशिवाय वाटेवर येऊ नका.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच: एका बाजूला दरी असेल तर डोंगराकडे, कोणतीही शंका न ठेवता. उघडा उतार असेल तर खाली. आणि तांडेवाला काही सांगत असेल तर त्याचं आधी, कारण कुठलं जनावर कशाला बुजतं ते त्याला ठाऊक असतं.

उभं राहिल्यावर काठ्या खाली धरा, फडफडणारा पोंचो आवरा, गट एकाच बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंना माणसं असली तर मधून जायला जनावर कचरतं. शांत आवाजात बोलत राहायला हरकत नाही. मोठी सॅक घेतलेला, टोपी चढवलेला मूक आकार जनावराला माणूस वाटत नाही. आवाज ऐकला की ओळख पटते. पण आरडाओरडा नको आणि फ्लॅश तर नकोच. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर आणि शेपटीमागे आंधळा पट्टा असतो. मागून गुपचूप जाणारा माणूस म्हणूनच लाथ खातो.

पाठीमागून तांडा ओलांडायचा असेल तर दहाएक मीटरवरून आवाज द्या आणि रुंद जागा येईपर्यंत थांबा. झुलत्या पुलावर तांडा असेल तर पूर्ण उतरेपर्यंत पाय ठेवू नका. पुलावर जनावराला मागे वळता येत नाही.

माणसांची घाण

याबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. शौचाला पाणी, वाट आणि तंबू यांपासून ६० मीटर दूर, म्हणजे सत्तर-ऐंशी मोठी पावलं. खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल. मातीतले जिवाणू या वरच्या थरातच काम करतात, खोल गाडल्यास कुजणं मंदावतं. कागद, ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड बंद पिशवीत परत. भांडी आणि अंग धुणंही झऱ्यात नाही. झाडांच्या रेषेच्या वर शेकोटी नाही.

जनावरांमुळे एक वेगळी सवय लागते, ती मात्र बघायला हवी. पाठीवर ओझं नसलं की गट खुर्च्या, काचेच्या बाटल्या आणि डबाबंद खाणं घेऊन निघतो. नेताना जड होतं तरी चाललं, आणि परतताना रिकामे डबे मात्र वर राहतात. याला कसलीच सबब नाही. शिधा संपत जातो तसं दर दिवशी जनावर हलकं होतं, आणि परतीच्या वाटेवर कचऱ्यासाठी जागा असतेच. चढायच्या दिवशीच एक गोणी ‘परतीचा कचरा’ म्हणून वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो.

पण मग जनावर वापरूच नये का?

हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला सरसकट उत्तर नाही. काही वाटांवर खरोखरच वापरू नये. पेरूमधल्या माचू पिचूच्या प्रसिद्ध इंका वाटेवर ओझ्याच्या जनावरांना बंदी आहे, कारण जुन्या दगडी पायऱ्या खुरांनी झिजतात. तिथे सामान माणसं वाहतात आणि त्यांच्यासाठीही २० किलोची मर्यादा आहे. म्हणजे जनावर काढलं तर ओझं माणसाच्या पाठीवर गेलं. ती पाठ जशी मोजावी लागते, तशीच जनावराचीही.

दुसरीकडे अशी ठिकाणं आहेत जिथे बरंच काही खेचरांवर अवलंबून आहे. ग्रँड कॅन्यनच्या एका दरीत वसलेल्या हवासुपाई लोकांच्या सुपाई गावाला टपालसुद्धा खेचरांवरून जातं. डोंगरातल्या अनेक कुटुंबांचा वर्षभराचा खर्च जनावरांच्या एका हंगामावर चालतो. ‘बंद करा’ म्हणणं त्यांच्यासाठी सोपं नाही. त्यांना मात्र एक गोष्ट ट्रेकर देऊ शकतो: कमी वजन, जास्त जनावरं आणि त्यांचे पुरे पैसे. दोन खेचरांचं सामान एकावर लादलं जातं ते बहुतेक वेळा कुणीतरी दुसऱ्या खेचराचे पैसे वाचवले म्हणून. जनावरं वाढली की कुरणावर ताण वाढतो हेही खरं. म्हणून आधी सामान कमी करायचं, मग जनावरांची संख्या ठरवायची. हा क्रम उलटा केला की दोन्हीकडे नुकसान होतं.

आणखी एक परिणाम चालणाऱ्याच्या अंगावर येतो. पाठ मोकळी असली की पाय उचलतात आणि लोक एका दिवसात वाजवीपेक्षा जास्त उंची गाठतात. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, ही मर्यादा सॅक कुणाच्याही पाठीवर असली तरी तीच राहते. शिवाय तांडा मागे राहू शकतो किंवा वेगळ्या वाटेने येतो. पाऊस-कोट, उबदार थर, पाणी, थोडं खाणं, टॉर्च आणि औषधं स्वतःच्या छोट्या पिशवीतच हवीत.

निघण्याआधी जनावर कसं बघायचं

पालाण चढण्याआधी पाठ दाखवायला सांगा. चांगला मालक आनंदाने दाखवतो. ओली जखम, सूज किंवा हात लावताच पाठ खाली दबवणं दिसलं, तर त्या जनावरावर ओझं चढवता येत नाही, गादी जाड करूनही नाही. पांढऱ्या केसांचे ठिपके म्हणजे जुन्या भरलेल्या जखमा. एखादा असू शकतो, पण दोन्ही बाजूंना ओळीने असतील तर पालाणच बसत नाही असं समजा. कोपरामागे तंगाची जागा आणि शेपटीखालची जागाही बघा. फासळ्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत.

चालवून बघा. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकताना जनावर डोकं वर झटकतं आणि चांगल्या पायावर खाली आणतं. नाल खटखट वाजत असेल तर तो ढिला आहे. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी, उशीर लागला तर पाणी कमी पडलंय किंवा प्रकृती बिघडली आहे.

खोकला आणि नाकातून स्राव असलेलं जनावर तांड्यात नकोच. घोड्यांचा फ्लू सामाईक पाणवठ्यावरून आणि श्वासातून झपाट्याने पसरतो. पशुवैद्य सांगतात की तापाच्या प्रत्येक दिवसामागे एक आठवडा, आणि काही झालं तरी किमान तीन आठवडे विश्रांती हवी. हंगामाच्या ऐन भरात तीन आठवडे जनावर बसवून ठेवणं मालकाला परवडत नाही, आणि आजारी जनावरं वाटेवर येतात ती बहुधा यामुळेच.

वाटेत जनावर वारंवार पोटाकडे वळून बघत असेल, जमीन खुरडत असेल, लोळायला बघत असेल आणि चाऱ्याला तोंड लावत नसेल, तर ती पोटदुखी आहे. ओझं तिथेच उतरवायचं. पाठ सोलली असेल तरीही तेच. मोठ्याने भांडून खेचरवाल्याला सगळ्यांसमोर खाली बघायला लावलं, तर पुढच्या वेळी तो जखम गादीखाली लपवेल. गटप्रमुखाशी बोला, त्या जनावराचं सामान वाटून घ्या, काही किलो स्वतः उचला, आणि जनावर रिकामं खाली पाठवा. त्याची त्या दिवसाची आणि राहिलेल्या दिवसांची मजुरी पूर्ण दिली जाईल, हे ट्रेकची रक्कम ठरतानाच आयोजकाकडून लेखी घ्यावं.